शुद्धिपत्र

माझे उभे आयुष्य दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेले, आणि त्याबद्दल मला दरमहा पगार मिळत असे. एवढ्यावरून वाचकांनी मला सरकारी हिशेबतपासनीस किंवा एखाद्या घरची सासू समजू नये. मी मुद्रितशोधक होतो. १९७१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मी गिरगावातल्या एका छापखान्यात लागलो. पुढे छापखान्यातून शिशाचे खिळे गेले, संगणक आले, तरी माझी लाल शाई काही सुटली नाही. सकाळी अंबरनाथला लोकल धरावी, दिवसभर लोकांच्या वेलांट्या आणि उकार सरळ करावेत, आणि रात्री डोळे चोळीत परत यावे, असा क्रम चौतीस-पस्तीस वर्षे चालला.

खिळ्यांच्या काळात चूक होणे फार सोपे असे. जुळारी केसमधल्या खणांतून एकेक खिळा उचलून तो स्टिकमध्ये आरशातल्यासारखा उलटा लावीत जाई. एका खणातला खिळा शेजारच्या खणात पडला, की अर्थाचा अनर्थ व्हायला वेळ लागत नसे. एकदा एका गृहस्थांच्या निधनाच्या पत्रात ‘दुःखद’च्या जागी ‘सुखद’ छापले गेले. पत्रे परत मागवली, तोवर निम्मी वाटून झाली होती. भाऊबंदांपैकी एकाने म्हणे ते वाचून, ‘मग यात चुकलं काय?’ असे विचारले!

गणपती विसर्जन झाले, की आमच्याकडे दिवाळी अंकांच्या मुद्रितांचे गठ्ठे येऊन पडत. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाच्या फराळाच्या ताटाशेजारी एक अंकही येऊन बसला आहे. लोक चकली खात अंक वाचतात. आम्ही मात्र चकलीचे भाजणीचे पीठ दळले जाण्याच्या आधीच तो तीनदा वाचून कंटाळलेले असू. इतके करूनही चुका राहत. मग पुस्तक असेल तर शेवटी शुद्धिपत्र जोडायचे. अमुक पान, अमुक ओळ, अशुद्ध हे, शुद्ध हे. माझ्या सबंध नोकरीत मी शेकडो शुद्धिपत्रे तयार केली. ती वाचणारा वाचक मात्र मला एकही भेटला नाही. चूक असते सत्तेचाळिसाव्या पानावर, ऐन मजकुरात. आणि तिची कबुली असते तीनशेव्या पानानंतर, बारीक टाइपात. चूक सर्वांनी वाचलेली असते, कबुली कोणीच वाचलेली नसते. हा व्यवहार बरोबर नाही असे मला तेव्हाही वाटे. पण त्यात माझे स्वतःचे काही गुंतले आहे, हे कळायला फार वर्षे जावी लागली.

आमच्या छापखान्यात एक थोरले मुद्रितशोधक होते. मी नवा असताना एका नामवंत लेखकाच्या मुद्रितावर मी लाल शाईने रेघोट्यांवर रेघोट्या ओढल्या आणि समासात एके ठिकाणी मोठे उद्गारचिन्ह ठोकले. थोरल्यांनी ते पान पाहिले, आणि काही न बोलता खिशातून शिसपेन्सिल काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, “छापखान्याच्या चुका लाल शाईनं काढ, त्या आपल्या आहेत. लेखकाची चूक वाटली, तर पेन्सिलीनं नुसतं प्रश्नचिन्ह कर. चूक दाखवायची, माणसाला चुकीचा ठरवायचा नाही.”

चांगले बोलणे म्हणजे काय, याविषयी मी पुष्कळ उपदेश ऐकले आहेत आणि थोडे केलेही आहेत. पण त्या पेन्सिलीहून शहाणा उपदेश माझ्या ऐकण्यात नाही. गोड बोलणे आणि खरे बोलणे यांचे भांडण आहे अशी आपली एक समजूत असते. म्हणून तर तिळगूळ देऊन गोड बोलण्यासाठी आपण वर्षातला एक दिवस राखून ठेवला आहे आणि बाकीचे दिवस खरे बोलण्याला मोकळे सोडले आहेत! थोरल्यांना ते भांडण मान्य नव्हते. चूक ती चूकच. ते एकही सोडीत नसत. पण ती सांगताना शाई कोणती घ्यायची, एवढा विचार करण्यापुरते ते थांबत.

मी ख्रिस्ती आहे. आमचे घराणे मूळचे नगर जिल्ह्यातले. वडील पोटासाठी इकडे आले आणि अंबरनाथच्या विमको कंपनीच्या आगपेट्यांच्या कारखान्यात लागले. पहिली काही वर्षे आम्ही उल्हासनगरात, विठ्ठलवाडीच्या बाजूला एका खोलीत राहत होतो. आई केडगावची, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. तिचे आईबाप ती लहान असतानाच वारले होते. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. आईने त्यांना पाहिलेले नव्हते. पण त्यांच्या हाताखाली वावरलेल्या बायका तिने पाहिल्या होत्या, आणि त्यांच्या तोंडून ऐकलेली एक गोष्ट ती आम्हांला पुनःपुन्हा सांगे. खेड्यातल्या बाईलाही कळावे असे पवित्र शास्त्राचे भाषांतर करायचे म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ते भाषांतर केडगावातच छापले. खिळे जुळवण्यापासूनचे काम तिथल्या बायकामुलींनी केले. अखेरच्या दिवसांत रमाबाई त्याची मुद्रिते तपासत होत्या, आणि ग्रंथ छापून निघाला १९२४ साली, त्यांच्या मागे. आई म्हणे, “मरणाच्या दारात बसून त्या बाईनं एकेक शब्द पारखला. आपण तर दारात उभं राहून वाटेल ते बोलतो.” त्या शास्त्राची एक प्रत तिला केडगावात मिळाली होती आणि लग्नानंतर ती तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत आमच्याकडे आली. मी पुढे मुद्रितशोधक झालो, याचा तिला जो अभिमान वाटे, तो मी कलेक्टर झालो असतो तरी वाटला नसता.

वडील मितभाषी होते. पण संध्याकाळच्या प्रार्थनेत याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय निघाला, की ते खुलत. जिभेला घोड्याचा लगाम म्हटले आहे, गलबताचे सुकाणू म्हटले आहे, आणि एवढेसे रान पेटवणारी ठिणगी म्हटले आहे, तो अध्याय. वडील आगपेट्यांच्या कारखान्यातले. ठिणगीविषयी त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. ते म्हणत, “काडी पेटावी म्हणून आम्ही ती करतो, आणि दिवसभर जपतो कशाला, तर ती आत पेटू नये म्हणून. जिभेचंही तसंच. देवानं ती पेटायलाच दिली आहे. पण दिवा लावायला.”

त्या वेळचे उल्हासनगर आज सांगून खरे वाटायचे नाही. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराची छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे त्या बराकींतून आणून बसवली, लाखाच्या घरात माणसे. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. शेजारून उल्हास नदी वाहते, म्हणून उल्हासनगर. ज्यांचे घरदार, शेतीवाडी, गाव, सारे मागे राहिले होते, त्यांच्या वस्तीला उल्हासाचे नाव! पण मला वाटते, ते नाव देण्यात मोठे शहाणपण होते. त्याआधी तो ‘कॅम्प’ होता, आणि कॅम्पात माणसे राहत नाहीत, दिवस काढतात. नाव मिळाले आणि वस्तीला गाव होण्याची वाट मोकळी झाली. लोक मात्र बरीच वर्षे कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर चार असेच म्हणत राहिले. पुढे तिथल्या मालावर ‘मेड इन यू. एस. ए.’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा विनोद सगळ्या मुंबईत फिरला. मीही तो सांगून हसलो आहे. हसताना मला अमां आठवत नसे.

अमां म्हणजे आमच्या समोरच्या बराकीतली सिंधी म्हातारी. ती पापड लाटून विकत असे. उन्हाळ्यात बराकीबाहेर खाटा टाकून त्यांवर चादरी अंथरून पापड वाळत घातलेले असत. १९५८ च्या सुट्टीत, मी आठ वर्षांचा असताना, आमचा चेंडू तिच्या खाटेवर पडला आणि पाच-सहा पापड मोडले. अमां तिच्या भाषेत रागावली, आणि चेंडू देईना. तेव्हा मी ओरडलो, “निर्वासित कुठली! जा आपल्या गावाला!”

हे वाक्य माझे नव्हते. ते मी नळावरच्या भांडणात ऐकले होते, आणि त्याचा अर्थही मला धड ठाऊक नव्हता. पण खिळा कोणत्या खणातून उचलला याच्याशी छापलेल्या अक्षराला काही कर्तव्य नसते. अमांने हात खाली केला. चेंडू खाटेवर ठेवला आणि ती आत निघून गेली. मला वाटले, मी जिंकलो. कारण भांडणात समोरचा माणूस गप्प झाला, म्हणजे आपण जिंकलो, असा माझा समज होता. तिला जायला गाव उरला नव्हता, हे मला कोणी सांगितले नव्हते.

आईने दारातून सारे ऐकले होते. तिने मला मारले नाही. रात्रीच्या प्रार्थनेत मी घाईघाईने देवाची क्षमा मागितली, तेव्हा ती म्हणाली, “देवाला काय सांगतोस? तू त्याला का बोललास? शब्द ज्या दारात टाकलास, त्याच दारातून उचलून आणायचा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला हाताला धरून समोर घेऊन गेली. बराकीच्या त्या एका खणात, गोणपाटाच्या पडद्याआड, चार माणसांचा संसार होता. अमांने आम्हांला पाहिले, आणि आधी पापड भाजून पाण्याच्या पेल्यासह पुढे ठेवला. दारात आलेल्याला पापड-पाणी दिल्यावाचून सिंधी घरात बोलण्याला सुरुवात होत नाही. आईने माझ्याकडे पाहिले. मी “चुकलो” म्हणालो. हा शब्द फार लहान आहे, पण तो घशातून वर यायला केवढी वाट चालून येतो! अमांने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “पानी पी, पुट.” पुट म्हणजे मुलगा. एवढेच. पुढे तिची आणि आईची मैत्री झाली. एकीला धड मराठी येत नसे आणि दुसरीला धड हिंदी. पण दोघी तासन्‌तास बोलत.

हे सारे मी पुढे उपासनेत सांगत असे. आमचे पाळकसाहेब परगावी गेले, की शास्त्रपाठ आणि चार शब्द बोलण्याचे काम माझ्याकडे येई. शब्दांचे सामर्थ्य हा माझा आवडता विषय. फादर स्टीफन्स हा इंग्रज १५७९ साली गोव्यात आला आणि मराठीवर असा लोभावला, की त्याने १६१६ साली ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ छापले. रेव्हरंड टिळक म्हणत, की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. असे दाखले मी देई. मंडळी माना डोलवीत. माझी धाकटी बहीण बदलापुराहून दर रविवारी अंबरनाथला उपासनेला येई आणि बायकांच्या बाजूला आईशेजारी बसून ऐके.

१९९८ सालच्या उन्हाळ्यात धाकटीने बदलापुरात नवे घर घेतले. आई तेव्हा माझ्याकडे अंबरनाथला असे. धाकटी म्हणाली, “दादा, आईला महिनाभर मी नेते. माझं घर तिनं पाहू दे.” आईलाही जायचे होते. मी नको म्हणत होतो. का, ते आज सांगता येत नाही. आई गेली. पंधराव्या दिवशी न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर तिचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. तीन आठवडे ती अंथरुणावर होती. श्रावणातल्या एका पहाटे तिने डोळे मिटले.

आईला माती देऊन आम्ही घरी आलो. घर माणसांनी भरलेले होते. कोणी चहा केला होता. धाकटी माझ्याकडे आली आणि माझ्या बाहीला हात लावून तिने “दादा” अशी हाक मारली. आणि मी, पंचवीस वर्षांहून अधिक काळ शब्द तपासणारा माणूस, सगळ्यांच्या देखत म्हणालो,

“तू नेलीस म्हणून आई गेली.”

पाच शब्द, अकरा अक्षरे. ऱ्हस्वदीर्घाची चूक नाही, विरामचिन्हाची चूक नाही. व्याकरणाच्या दृष्टीने इतके निर्दोष वाक्य मी क्वचितच बोललो असेन.

धाकटीने हात मागे घेतला. तिने पिशवी उचलली, नवऱ्याकडे पाहिले, आणि ती स्टेशनकडे निघून गेली. तिच्या त्या हात मागे घेण्यात मला काहीतरी ओळखीचे वाटले. ते काय, हे मला त्या दिवशी आठवले नाही. पुढे एका रात्री झोपेत आठवले. अमांनेही असाच हात खाली केला होता.

अंबरनाथनंतरचे स्टेशन बदलापूर. गाडीला दहा मिनिटेसुद्धा लागत नाहीत. ते दहा मिनिटांचे अंतर कापायला मला सात वर्षे लागली.

या सात वर्षांत मी काहीच केले नाही असे नाही. मी पुष्कळ शुद्धिपत्रे काढली. नाताळला शुभेच्छापत्र पाठवले, त्यावर सुवाच्य अक्षरात ‘दादाकडून’ लिहिले. भाचा दहावीला पास झाला, तेव्हा पत्नीबरोबर पैसे पाठवले. रोज रात्री प्रार्थनेत तिचे नाव घेतले. नाताळचे कार्ड येई, त्यावर तिच्या नवऱ्याची सही असे. अंबरनाथच्या उपासनेला ती येईनाशी झाली. बदलापुरातच कोणाच्या घरी मंडळी जमत, तिथे जाऊ लागली. एका रविवारी, प्रभुभोजनाच्या आधी, मला मत्तयाच्या पाचव्या अध्यायातला भाग वाचावा लागला. वेदीपाशी अर्पण आणलेस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, अशा अर्थाचा. मी तो स्वच्छ उच्चारांत वाचला आणि त्यावर दहा मिनिटे बोललो. परतताना पत्नी बराच वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, “तिथं ‘भाऊ’ म्हटलंय, ‘बहीण’ म्हटलेलं नाही, म्हणून सुटलात असं वाटलं का तुम्हांला?”

मी चिडून म्हणालो, “तूच जा आणि सांग तिला.”

“माझ्या तोंडून तुमचा शब्द परत यायचा नाही,” ती म्हणाली. तिने माझ्या आईचे ते वाक्य ऐकलेले होते की नाही, कोण जाणे.

मग २६ जुलै २००५ चा दिवस उजाडला. त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मी ती रात्र छापखान्यात कागदाच्या रिमांवर आडवा होऊन काढली, आणि अंबरनाथला पोहोचलो तो तिसऱ्या दिवशी. घरी पत्नी सुखरूप होती. पण उल्हास नदी बदलापुरात शिरल्याची बातमी होती आणि धाकटीचा फोन लागत नव्हता. कर्जतकडच्या गाड्या बंद होत्या. चौथ्या दिवशी सकाळी मी चालत निघालो. सात-आठ किलोमीटरचा रस्ता. जागोजाग चिखल, मेलेली जनावरे, उन्हात टाकलेल्या गाद्या. धाकटीच्या गल्लीच्या तोंडाशी मी पोहोचलो आणि थांबलो.

ती अंगणात होती. तिच्या भिंतींवर कमरेएवढ्या उंचीवर चिखलाची सरळ रेघ उमटली होती. ट्रंक उघडी पडली होती, आईची ट्रंक. धाकटी एका पाटावर बसून मांडीवर आईचे शास्त्र घेऊन त्याचे एकेक पान सोडवीत होती, आणि दोन पानांमध्ये वर्तमानपत्राचा तुकडा ठेवीत होती. शेजारच्या बायका तिचे घर धूत होत्या. हजारावर पाने असतील. ती मान वर न करता एकामागून एक पान सोडवीत होती.

मी पाऊल उचलले नाही. मनात एकही शब्द येईना. ‘ठीक आहेस ना?’ असे विचारायला हरकत नव्हती. ते तर कोणीही विचारले असते. पण त्या पाच शब्दांच्या आधी दुसरा कोणताही शब्द बोलण्याचा मला अधिकार नव्हता, आणि ते पाच शब्द तिच्या चिखलाने भरलेल्या अंगणात पुन्हा काढण्याचे धैर्य नव्हते. पुरात बहिणीच्या मदतीला धावून आलेला भाऊ, एवढ्या स्वस्तात मी सुटलो असतो. मी परत फिरलो. हे शहाणपण होते की भ्याडपणा, याचा निकाल मला आजही लावता येत नाही. भ्याडपणाच असावा.

त्या वर्षीच्या दिवाळीत एका दुपारी मी स्टेशनवर गेलो. दिवस भाऊबीजेचा होता, हे फलाटावर जाईपर्यंत माझ्या ध्यानात नव्हते. आम्ही भाऊबीज करीत नाही. शेजाऱ्यांचा फराळ आमच्याकडे येतो आणि नाताळात आमच्या करंज्या त्यांच्याकडे जातात, एवढाच आमचा दिवाळीशी व्यवहार. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडेतिकडे भाऊ! नव्या सदऱ्यांतले भाऊ, साड्यांच्या खोक्यांचे भाऊ, मिठाईच्या पुडक्यांचे भाऊ, आईच्या कडेवरचे भाऊ. त्या गर्दीत मी एकटाच रिकाम्या हाताचा होतो. खिशात तेवढी गोंदाची बाटली आणि बटरपेपरची गुंडाळी होती. शेजारी एक वयस्क बाई नातवंडाला घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून सहज विचारले, “बहिणीकडे का?”

मी म्हणालो, “हो.”

गाडी बदलापूरला थांबली, तेव्हा मला न उतरणे शक्य होते. वांगणी, कर्जत, कुठेही जाता आले असते. पण एका अनोळखी बाईला मी ‘हो’ म्हणून बसलो होतो.

दार धाकटीनेच उघडले. सात वर्षांत तिचे केस आईसारखे झाले होते. वाटेत मी एक सुंदर वाक्य जुळवले होते, त्यात ‘गैरसमज’ हा शब्द होता, ‘दुःखाच्या भरात’ हाही शब्द होता. दारात उभे राहिल्यावर माझ्यातल्या मुद्रितशोधकाने ते दोन्ही खोडले. उरले ते मी बोललो. “मी म्हणालो होतो, तू नेलीस म्हणून आई गेली. ते खोटं होतं. आई पाय घसरून गेली. तुझ्याकडे ती सुखात होती, आणि मला ते सोसलं नाही.”

शेवटचे वाक्य मी जुळवलेले नव्हते. ते कुठून आले, मला ठाऊक नाही. पण ते खरे होते.

धाकटी कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग तिने आत जाऊन पाण्याचा पेला आणला. म्हणाली, “दादा, तू म्हणालास ते खरं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. सगळ्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं, ह्यांनी सांगितलं. पण ते बोलला होतास तू. दुसऱ्या कुणी सांगून काय उपयोग?” थोड्या वेळाने ती म्हणाली, “सात वर्षं त्या न्हाणीघरात गेले, की आधी मी फरशी पुसते. कोरडी असली तरी.”

मी पाणी प्यालो.

मग तिने आईचे शास्त्र आणले. ते फुगून दुप्पट झाले होते आणि मिटत नव्हते. काही पाने फाटली होती, काहींवर चिखलाचे नकाशे उमटले होते. मी बाटली आणि बटरपेपर काढला. धाकटीने माझ्याकडे पाहिले. “तुला कसं कळलं, हे भिजलंय ते?”

मी तिला गल्लीच्या तोंडाची गोष्ट सांगितली. आजवर ती मी पत्नीलाही सांगितली नव्हती. धाकटी ऐकून म्हणाली, “आला असतास तर बादली दिली असती हातात. मेल्या, चार हातांची तेव्हा गरज होती.” आणि सात वर्षांनी प्रथम ती हसली. आम्ही दिवे लागेपर्यंत पाने चिकटवीत बसलो.

वाचकहो, यानंतर सारे पूर्ववत झाले, असे लिहिले तर लेख गोड होईल, पण माझ्या धंद्याला बट्टा लागेल. छापून गेलेली प्रत परत छापता येत नाही. आम्ही दोघे आता पुष्कळ बोलतो. पण बोलता बोलता आईच्या शेवटच्या दिवसांचा विषय निघाला, की धाकटी एक क्षणभर थांबते. त्या क्षणाशी मी आता भांडत नाही. अंबरनाथच्या शिवालयात शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलाहार राजा माम्वाणीच्या काळचा लेख आहे. राजा गेला, त्याचे राज्य गेले, अक्षरे राहिली. लहानपणी महाशिवरात्रीच्या जत्रेला आम्ही दोघे गोडीशेव खायला जात असू, तेव्हा धाकटीने मला विचारले होते, “दादा, यात चूक असली तर कशी रे खोडायची?” मला तेव्हा उत्तर देता आले नव्हते. आता येईल. खोडता येत नाही. तिथेच, शेजारी उभे राहून, ती चूक आहे एवढे सांगता येते. आणि ज्याने कोरले त्यानेच ते सांगावे लागते.

माझी नात तिच्या फोनवर कोणाला तरी रागाने काही लिहिते आणि लगेच पुसून टाकते. मी एकदा पाहिले. शब्द जातात, पण ‘हा संदेश पुसला आहे’ अशी ओळ तिथे राहतेच. मी तिला म्हटले, “हे यंत्र प्रामाणिक दिसते.” तिला त्यात काय विशेष, ते कळले नाही. तिला मी अमांची गोष्ट सांगितली आहे. धाकटीची अजून सांगितलेली नाही. या अंकात वाचील.

शास्त्र धाकटीकडेच आहे. ते अजून नीट मिटत नाही. वर दोन विटा ठेवाव्या लागतात. दर भाऊबीजेला मी जातो. आमच्या पाळकसाहेबांनी याबद्दल काही विचारलेले नाही, आणि मीही काही खुलासा केलेला नाही. यंदा मी पंच्याहत्तरी ओलांडली आहे, धाकटी सत्तरीत आहे. गुडघे कुरकुरतात आणि भाऊबीजेची ती गर्दी पूर्वीपेक्षा चौपट झाली आहे. तरी जाईन. गाडीत कोणी ना कोणी विचारतेच, “बहिणीकडे का?” त्याला माझे उत्तर ठरलेले आहे. त्यात एकच अक्षर आहे, आणि इतकी वर्षे तपासूनही मला त्यात चूक सापडलेली नाही.